पान सव्वीस

आउस्मा चित्रं काढायची, मी शाई कालवायचो.
कुल्दीगाच्या छापखान्यात, वेंता नदीच्या काठी,
जिथला धबधबा उंचीला जेमतेम माणसाएवढा,
पण रुंदीला अख्खी नदी.

पुस्तक वामीचं. मुलांसाठी. अठ्ठावीस पानी.
आउस्मानं आधी बाजारातून मेलेली वाम आणली,
मग जिवंत आणली, न्हाणीच्या टबात ठेवली सोळा दिवस.
नवरा शेजाऱ्यांकडे जाऊन अंघोळ करायचा.
तिनं खवले मोजले.
हो, वामीला खवले असतात,
कातडीत पुरलेले, तांदळाच्या कणीहून बारीक.
माझ्या बापानं जन्मभर वामी धुरावर धरल्या,
आल्डरच्या लाकडाचा धूर, हात कोपरापर्यंत तेलकट.
त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

पान नऊवर काचेसारखं पिल्लू:
आरपार दिसणारं, आत नुसता कणा
आणि डोळ्यांचे दोन ठिपके.
म्हणाली, गीदो, पांढऱ्यावर पांढरं छाप.
म्हटलं, बाई, शाई आहे ही, जादूटोणा नाही.
तरी तीन रात्री घासलो.
चिमूटभर राखाडी, हिरव्याचा थेंब,
चौथ्या दिवशी कागदावर पाणी हललं.

पान चोवीस: वयात आलेली वाम, पोट चांदीचं,
डोळे मोठे झालेले, आतडं आटलेलं.
पुढच्या वाटेवर ती काही खाणार नाही.
ओल्या गवतातून सरपटत तळ्यातून ओढ्यात,
ओढ्यातून नदी, बाल्टिक, अटलांटिक,
पार सार्गासोपर्यंत.

आणि पान सव्वीस.
तिथं त्या अंडी घालतात.
तिथं त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

संपादक ब्रीगेर भला माणूस,
पण रिकाम्या जागेला भ्यायचा.
'कागद मोजून मिळतो आपल्याला.
दोन वामी काढ वेढा घातलेल्या, चार बुडबुडे, थोडं शेवाळ.
मुलं काय तपासायला जाणार आहेत?'
आउस्मानं चष्मा पुसला.
'जातील,' म्हणाली, 'म्हणून तर.'

मग तिनं माझ्याकडे एक निळा मागितला.
काळ्याच्या जरा अलीकडचा.
डोळे मिटल्यावर दिसतो तो नको,
डोळे उघडे ठेवून काही दिसत नाही, तो हवा.
अकरा डबे वाया गेले.
बारावा पानभर पसरला, कडेपासून कडेपर्यंत,
आणि तळाशी एकच ओळ:
इथं काय होतं, ते अजून कुणाला माहीत नाही.

ब्रीगेरनं सही केली
आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही,
जणू ते न कळणं माझ्याच शाईत होतं.
साल्दूसच्या एका शिक्षिकेनं कळवलं, छपाईत दोष आहे,
नमुना सोबत जोडला आहे.
खरंच जोडला होता. पान सव्वीस,
पट्टी लावून नीट कापलेलं, चार घड्या घातलेलं.
आउस्मा हसता हसता खुर्चीत बसली
आणि मग बराच वेळ हसत नव्हती.

ती गेली त्याला आता सहा वर्षं.
परवा वाचनालयात गेलो, वीजबिलाची रांग मोठी होती म्हणून.
पुस्तक अजून आहे. पाठीला चिकटपट्टी,
पान नऊवर जांभळाट मुरंब्याचं बोट.
पान सव्वीस मात्र इतकं गडद
की त्यावर पेन्सिल उमटत नाही.
म्हणून पोरांनी टोकानं खरवडलंय.
कर्कटक असेल, खिळा असेल, कुणाचं नखही.

आधी राग आला. माझा बारावा डबा!
मग पुस्तक खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं,
तर निळ्याखालचा पांढरा कागद रेघारेघांनी वर आलेला:
वामी, वामी, एक पाणबुडी,
तिच्या गोल खिडकीत कुणाचं तरी तोंड,
कोपऱ्यात 'तालिस', आणि पुढे काहीतरी लिहून खोडलेलं.

एका वामीला खवले काढलेत.
एक एक करून, शेपटीपर्यंत,
कणीहून बारीक.
मोजायला लागलो.
चष्मा घरी राहिला होता.